जुन्या पिकअपच्या केबिनमधले लाईट बदलायचेत? बल्ब घ्यायच्या आधी अर्थचा जोड तपासा

जुनी बोलेरो पिकअप घ्या, टाटा २०७ घ्या नाहीतर मॅक्स पिकअप, इंजिन अजून दणकट असतं, पाटे नवीन टाकलेले असतात, टायरसुद्धा चांगले असतात, पण रात्री केबिनमध्ये बसलं की काही दिसत नाही. छताची लाईट एकतर बंद पडलेली किंवा लागली तरी मिणमिणती, आणि मीटरमध्ये डिझेलचा काटा दिसतो तर टेंपरेचरचा दिसत नाही. बरेच जण म्हणतात जाऊदे, मोबाईलचा टॉर्च आहे की. पण ज्यांची गाडी रात्री नारायणगावातून टोमॅटो भरून निघते आणि पहाटे वाशीच्या मार्केटला लागते त्यांना विचारा, गेटवर पावती शोधायची, पट्टीचे पैसे मोजायचे, सीटखालची दोरी काढायची, आणि हे सगळं एका हातात मोबाईल धरून करायचं म्हणजे किती वैताग असतो. टेंपरेचरचा काटा न दिसणं हा तर वैताग नाही, धोकाच आहे, घाट चढताना इंजिन तापलं तर कळणार कसं?

तर हे काम घरी होण्यासारखं आहे. सामान फार लागत नाही, एक दुपार मोकळी पाहिजे आणि थोडी घाई कमी पाहिजे. पण एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळं तिच्यावरच आहे, जुन्या गाडीत लाईट गेली म्हणजे बल्ब गेला असं धरून चालू नका. खूपदा बल्ब चांगला असतो आणि अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारा जोड, गेलेला असतो, नाहीतर बल्ब धरणाऱ्या पत्तीवर गंज चढलेला असतो, नाहीतर दरवाजाचा स्विच सडलेला असतो. लोक बल्बवर बल्ब बदलतात, मग वैतागून एलईडीची पट्टी आणून कुठल्यातरी वायरला जोडतात, आणि तिथून पुढे वायरिंगची जी वाट लागते ती निस्तरायला वायरिंगवाल्याला दुप्पट पैसे मोजावे लागतात.

आधी लाईट चालते कशी ते समजून घ्या, दोन मिनिटं लागतील. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये छताच्या लाईटला बारा व्होल्टची एक वायर फ्युजमधून थेट आलेली असते, चावी काढली तरी ती चालूच राहते. म्हणजे पॉझिटिव्ह कायम हजर, आणि लाईट लावायची-बंद करायची ती अर्थच्या बाजूने. लाईटवर जो सरकवायचा खटका असतो त्याला तीन जागा असतात, एका जागेला अर्थ सरळ बॉडीतून मिळतो म्हणजे लाईट चालू, मधल्या जागेला काहीच नाही म्हणजे बंद, आणि तिसऱ्या जागेला अर्थ दरवाजाच्या स्विचमधून मिळतो म्हणजे दार उघडलं की लागते. एवढं डोक्यात बसलं की अर्धा फॉल्ट कुठलंही अवजार न काढता सापडतो.

कसा ते बघा. खटका चालूवर केला की लागते पण दार उघडल्यावर लागत नाही, तर बल्ब चांगला, फ्युज चांगला, सप्लाय चांगला, गडबड दरवाजाच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. उलट दार उघडल्यावर लागते पण चालूवर लागत नाही, तर लाईटचा बॉडी अर्थ गेलाय, म्हणजे ज्या स्क्रूने ती छताला बसवलीये तो सैल झालाय किंवा त्याच्याखाली गंज आलाय. दोन्हीकडे लागत नाही तरच बल्ब, फ्युज किंवा सप्लायची वायर यांच्याकडे वळायचं. आणि लागते पण मंद लागते, गाडीचा धक्का बसला की फडफडते, तर कुठेतरी कॉन्टॅक्ट सैल आहे हे नक्की समजा.

मंद लाईटबद्दल अजून एक सांगतो. साध्या तारेच्या बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड दहा टक्के कमी होत नाही, जवळपास तीस टक्के कमी होतो. म्हणून गंजलेल्या पत्तीमुळे नुसते एक-सव्वा व्होल्ट गळाले तरी लाईट मेल्यासारखी दिसते आणि आपण बल्बला दोष देतो. याच्या उलटही असतं, तुमच्या गाडीत बल्ब टिकतच नसतील, दर थोड्या दिवसांनी उडत असतील, तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) लावा. चार्जिंगचं व्होल्टेज साधारण चौदाच्या आसपास, १४.४ पर्यंत ठीक, पण पंधराच्या दिशेने जात असेल तर हे व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बिघडलाय. तिथं केबिनचे बल्ब बदलून काही उपयोग नाही, बॅटरीचंही पाणी उकळून जाईल, आधी ते करून घ्या.

सामानात एक स्टार आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, दहाचा पाना, बारीक पॉलिश पेपर, टोकदार पकड, थोडं पांढरं ग्रीस किंवा नुसतं व्हॅसलिन, टेप, आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर बारा व्होल्टच्या कुठल्याही छोट्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करा, वायरिंगवाले आयुष्यभर त्याच्यावरच काम करतात आणि तारेचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प काही बाबतीत मीटरपेक्षाही खरं सांगतो, कारण गंजलेल्या वायरमधून मीटरला बारा व्होल्ट दिसतात पण बल्ब पेटवण्याइतका करंट येत नाही, टेस्ट लॅम्प मात्र लगेच मंद होऊन दाखवतो.

काम उन्हाच्या वेळी करा. हे उगाच सांगत नाही, लाईटची काच म्हणजे प्लास्टिकच असतं आणि वीस वर्षं ऊन खाऊन ते पापडासारखं ठिसूळ झालेलं असतं, थंडीत सकाळी ओढलं तर तडकतंच. दुपारी केबिन तापलेली असली की प्लास्टिक थोडं नरम पडतं. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, नेहमी निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला तर जोरात ठिणगी पडते, निगेटिव्ह सोडताना लागला तरी काही होत नाही. परत जोडताना उलटं, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. छताच्या लाईटला कायम सप्लाय असतो म्हणून चावी काढली म्हणजे झालं असं समजू नका, स्क्रू ड्रायव्हर एका पत्तीवरून बॉडीला टेकला की फ्युज उडालाच.

फ्युजवरून आठवलं, बल्ब काढायच्या आधी फ्युज बघून घ्या. झाकणावर चित्र असतं, पुसलं गेलं असेल तर एकेक काढून बघा, तार तुटलेली दिसते. छताच्या लाईटचा फ्युज बऱ्याचदा आणखी कशालातरी जोडलेला असतो, म्हणजे हॉर्न, गाण्याच्या टेपची मेमरी, पार्किंगचे चारी इंडिकेटर असं काहीतरी, म्हणून लाईटसोबत अजून काय बंद पडलंय ते आठवून बघा. जेवढ्या अँपचा होता तेवढ्याचाच टाका. रंगावरून कळतं, साडेसातचा तपकिरी, दहाचा लाल, पंधराचा निळा, वीसचा पिवळा, तीसचा हिरवा. फ्युज सारखा उडतो म्हणून दहाच्या जागी तीसचा टाकणारे किंवा तांब्याची तार गुंडाळणारे लोक आहेत, कृपा करून हे करू नका, फ्युजच्या ऐवजी छताच्या अस्तराखालची वायर जळते आणि ते अस्तर फोम आणि रेक्झिनचं असतं. फ्युज उडतोय म्हणजे वायर कुठेतरी पत्र्यावर घासलीये, ती शोधा. जास्त करून दाराच्या खांबातून वर जाणाऱ्या भागात घासते, जिथे रबराचं बूच पडून गेलेलं असतं आणि वायर उघड्या पत्र्याच्या कडेवर टेकलेली असते.

आता काच काढायची. कडेला एक छोटी खाच असते, चपट्या स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून तिथे घाला आणि हळूच फिरवा, ओढू नका. काही गाड्यांमध्ये पूर्ण लाईटच दोन स्क्रूवर असते, ते दिसतात. काच निघाली की आत जे मेलेले किडे आणि धूळ असते ती झटका आणि काच साबणाच्या कोमट पाण्यात टाका. थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका, प्लास्टिकला बारीक बारीक तडे जातात आणि ती कायमची पांढुरकी होते. नुसती काच धुतली तरी उजेडात फरक पडतो. मात्र पार पिवळी पडून भुगा व्हायला आली असेल तर पूर्ण लाईटच नवीन घ्या, पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचं हे सामान मिळतं, आणि तालुक्याच्या गावातही एखादं स्पेअर पार्टचं दुकान असतंच जिथे मागच्या मांडणीवर जुन्या मॉडेलचे डबे पडलेले असतात. जुनी लाईट हातात घेऊन जा, नाव आणि वर्ष सांगून काम होत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या लाईट आल्यात आणि मधल्या मालकाने काय बसवलंय ते देवालाच माहीत.

बल्ब काढताना काचेला धरू नका, दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांना धरून एका पत्तीकडे दाबा आणि दुसरं टोक बाहेर काढा. लाईट आत्ताच बंद केली असेल तर थांबा, भाजतं.

छताच्या लाईटमध्ये जास्त करून दोन्ही बाजूंना टोप्या असलेला लांबट बल्ब असतो, दुकानात रूफ लाईटचा बल्ब म्हटलं की हाच देतात, काही जण फेस्टून म्हणतात. इथे सगळ्यात जास्त चूक होते ती लांबीची. हे बल्ब ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या लांबीत येतात आणि नजरेला सगळे सारखेच वाटतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीने मोजा. छोटा घेतला तर खड्ड्यात गळून पडतो, मोठा कोंबला तर पत्त्या पसरतात आणि मग कुठलाच बल्ब नीट बसत नाही. नंतर वॅट बघा, पाच किंवा दहा, जुन्या बल्बच्या टोपीवर कोरलेलं असतं. जास्त उजेड पडेल म्हणून पाचच्या जागी पंधरा वॅटचा लावला तर काच वितळते, मागचा पांढरा भाग करपतो, म्हणून तारेचा बल्ब असेल तर कंपनीने दिला तेवढ्याच वॅटचा. आणि दुकानात बारा व्होल्टचा आहे ना हे विचारून घ्या, मोठ्या ट्रकला चोवीस व्होल्टचे लागतात आणि दोन्ही एकाच डब्यात पडलेले असतात, चोवीसचा बारावर लावला तर लागतो पण मेणबत्तीएवढाच. दुसरा प्रकार म्हणजे बुडाला टोपी नसलेला, काचेच्याच चपट्या बुडातून दोन बारीक तारा बाहेर आलेल्या, हा टी-टेन, नुसता आत ढकलायचा असतो. फिलिप्स, ओसराम, ल्युमॅक्स अशा नावाजलेल्या कंपनीचा घेतला तरी साधा बल्ब स्वस्तच असतो, तिथे काटकसर नको.

नवीन बल्ब बसवायच्या आधी पत्त्या बघा, खरं काम इथेच आहे. पितळेवर हिरवट कळंक चढलेला असतो, कोकणात आणि समुद्राच्या बाजूला तर एका पावसाळ्यात चढतो. पॉलिश पेपरने पितळ चमकेपर्यंत घासा, बल्बच्या टोप्या जिथे टेकतात ती भोकं खास करून. पत्त्या सैल वाटल्या तर टोकदार पकडीने हलकेच आत वाकवा, जोर लावला तर जुनं पितळ मोडतं. मग जो स्क्रू छताच्या पत्र्याला लाईट धरतो तो काढा, त्याच्या खालचा रंग आणि गंज खरवडून पत्रा उघडा करा, स्क्रू घासा, वरून व्हॅसलिनचा हात फिरवा आणि घट्ट बसवा. स्क्रूचं भोक मोठं होऊन गेलं असेल तर त्याच्यावर अर्थसाठी भरवसा ठेवू नका, वेगळी काळी वायर टाकून ती जवळच्या चांगल्या बोल्टला नेऊन जोडा. हे वीस मिनिटांचं काम आहे आणि माझं मत विचाराल तर नव्या बल्बपेक्षा याच्यानेच जास्त उजेड वाढतो.

आता एलईडीचं. एलईडी लावायची का? लावा, मी तर लावा असंच म्हणेन, कारण पिकअपमध्ये लाईट चालू राहते. माल भरताना दोन्ही दारं उघडी, कुणी खटका चालूवर ठेवून झोपलं, असं होतंच. दहा वॅटचा साधा बल्ब तासाला पाऊण अँप-अवरपेक्षा (बॅटरीतल्या साठ्याचं माप) थोडं जास्त खातो, म्हणजे दहा तास राहिला तर आठ अँप-अवर गेले, आणि जुनी झालेली बॅटरी त्याच्यावर सकाळी डिझेल इंजिन फिरवेलच असं नाही. एक-दीड वॅटची एलईडी त्याच जागी तेवढाच उजेड देऊन रात्रभर एक-सव्वा अँप-अवर खाते. शिवाय तापत नाही म्हणून काचही टिकते. पण घेताना नुसता आकडा बघून घेऊ नका. ज्याच्यावर फक्त १२ व्होल्ट लिहिलंय आणि आत नुसता रेझिस्टर आहे असा स्वस्तातला गाडी चालू झाल्यावर १४.४ व्होल्ट सोसत नाही, तापून काही महिन्यांत अर्धे ठिपके बंद होतात. १२ ते २४ असं लिहिलेला, आत ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं छोटं सर्किट, असलेला घ्या, तो टिकतो.

आणि रंग. हे मला मनापासून सांगायचंय. दुकानात सगळे निळसर पांढरा देतात, सहा हजार केल्विनवाला (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तेवढा निळसर), काउंटरवर तो भारी दिसतो. रात्री हायवेवर तो केबिनमध्ये लावा आणि मग समोर बघा, काचेवर स्वतःचंच तोंड दिसतं, बंद केल्यावर सुद्धा डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. तीन हजार केल्विनच्या आसपासचा पिवळसर घ्या, फार तर चार हजार. पावतीवरचे आकडे दिसतात, नोटा ओळखता येतात, शेजारी क्लीनर झोपला असेल तर त्याच्याही डोळ्यांत जात नाही. रंग बदलणाऱ्या आणि लुकलुकणाऱ्या पट्ट्या तर चालत्या गाडीत नकोतच, समोरून येणाऱ्यालाही त्यांचा त्रास होतो.

एलईडीला उलट-सुलट असतं, साध्या बल्बला नसतं. म्हणून बसवल्यावर लागली नाही तर घाबरू नका, काढून फिरवून लावा. काच बसवायच्या आधी हे तपासा.

एलईडी लावल्यावर बऱ्याच जणांना एक विचित्र प्रकार दिसतो, लाईट बंद असताना सुद्धा ती हलकी हलकी पेटलेली राहते, जास्त करून पावसाळ्यात. बल्ब खराब आलाय म्हणून लोक परत करतात. तसं नसतं. दाराचा स्विच ओला किंवा गंजलेला असला की त्याच्यातून अगदी थोडा करंट गळून अर्थला जातो, साध्या बल्बची तार तेवढ्याने तापत नाही म्हणून आधी कळत नव्हतं, एलईडीला मात्र तेवढा पुरतो. उपाय म्हणजे स्विच साफ करणं. तरीही राहिली तर एक हजार ओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर एलईडीच्या दोन्ही टोकांना समांतर जोडा, गळणारा करंट त्याच्यातून जातो आणि एलईडी पूर्ण विझते. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे रेझिस्टर अगदी किरकोळ पैशात मिळतात.

दाराचा स्विच म्हणजे दाराच्या चौकटीतला तो बटणासारखा दांडा. तो एका स्क्रूवर असतो. स्क्रू काढून बाहेर ओढा, पण मागची वायर हातात धरून ठेवा, ती सुटून खांबाच्या आत पडली तर बाहेर काढायला जीव जातो, टेपने बाहेर चिकटवून ठेवली की काळजी नाही. वायरचं टोक बॉडीला टेकवा, अर्थात बॅटरी जोडलेली आणि खटका दारावर ठेवून. लाईट लागली तर वायर चांगली आणि स्विच वाईट. स्विच घासून, ग्रीस लावून, दाबून सोडला की दांडा सहज वर येतोय का बघा. स्क्रू जिथे बसतो तिथला रंग खरवडा, स्विचलाही अर्थ तिथूनच मिळतो. जुन्या गाडीला कुठल्यातरी गॅरेजने पूर्ण रंग मारला असेल तर तिथे हमखास रंगाचा थर असतो आणि म्हणूनच दाराची लाईट रंगकामानंतर बंद पडते. वरची रबरी टोपी फाटलेली असेल तर नवीन घाला, पाणी तिथूनच जातं.

डॅशबोर्डवरच्या मीटरकडे आता. इथे काम नाजूक आहे पण भीती नको. मीटरच्या भोवतीची पट्टी चार-पाच स्क्रूवर असते, काही वरून दिसतात आणि एखादा लपलेला असतो, न निघणारी पट्टी ओढू नका, स्क्रू राहिलाय असं समजा. मीटर थोडा पुढे आला की मागे जुन्या गाड्यांना स्पीडची केबल असते, गोल नट हाताने सोडवायचा. ती केबल परत लावताना सरळ जाईल अशी लावा, वाकडी-तिकडी दुमडली तर काटा नाचतो. नंतरच्या गाड्यांमध्ये केबल नाही, नुसता कप्लर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग आहे. कप्लर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मागे बल्ब प्लास्टिकच्या होल्डरमध्ये असतात, पाव आटा फिरवला की बाहेर येतात. मागे जी पातळ प्लास्टिकची छापील पट्टी असते तिच्यावरच्या तांब्याच्या रेषा नखानेही निघतात, तिथे पॉलिश पेपर नाही लावायचा, साध्या खोडरबराने पुसा.

मीटरला उजेड देणारे बल्ब एलईडी करायचे असतील तर एक अडचण येते, एलईडीचा उजेड सरळ समोर जातो, त्यामुळे मधे झगझगीत डाग आणि कडेला अंधार होतो. चारी बाजूंना उजेड टाकणारा घ्या. आणि उजेड कमी-जास्त करायचं जुनं गोल बटण असेल तर ते एलईडीवर नीट चालत नाही. खरं सांगू का, मीटरमध्ये साधेच बल्ब राहू द्या, सगळे एकदम नवीन टाका, मागची पांढरी भिंत कापडाने पुसा, बरीच वर्षं बघायला लागणार नाही. एकच गेलाय म्हणून एकच बदलू नका, बाकीचे त्याच वयाचे आहेत, महिन्याभरात परत मीटर खोलावा लागेल.

आणि एक बल्ब असा आहे ज्याला एलईडी कधीच लावायची नाही, चार्जिंगचा लाल बल्ब, बॅटरीचं चित्र असलेला. बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. चावी लावली की तो पेटतो, त्याच्यातून करंट जाऊन अल्टरनेटर जागा होतो आणि मग तो विझतो. तिथे एलईडी लावली की करंट पुरत नाही, आणि गाडी चालू केल्यावर अल्टरनेटर चार्जच करत नाही, किंवा रेस वाढवल्यावर करतो. हाच बल्ब उडालेला असला तरी असंच होतं. कितीतरी जणांनी यापायी चांगला अल्टरनेटर खोलून घेतलाय. म्हणून चावी लावल्यावर तो लाल दिवा पेटतोय ना हे बघत चला, आणि तिथे जेवढ्या वॅटचा बल्ब होता तेवढ्याचाच साधा बल्ब टाका. ऑइलच्या लाल दिव्याचंही तसंच, चावीवर पेटला पाहिजे, पेटला नाही तर इंजिनात ऑइल नसतानाही तो गप्पच बसेल.

हौद्यात, टपाखाली लाईट पाहिजे असेल तर ती छताच्या लाईटच्या वायरला जोडू नका. बॅटरीवरून वेगळी वायर काढा, बॅटरीच्या अगदी जवळ पाच अँपचा फ्युज, मग डॅशबोर्डवर स्विच, मग मागे. वायर एक स्क्वेअर एमएमची पुरते. बारा व्होल्टची एलईडी पट्टी सिलिकॉन चढवलेली घ्या, एक मीटर लांबीत साठ ठिपके असलेली मोठ्या ठिपक्यांची पट्टी दर मीटर लांबीला साधारण १४ वॅट घेते, म्हणजे दोन मीटर लावली तर अडीच अँपच्या आत, तेवढी भरपूर. जिथे कात्रीची खूण आहे तिथेच कापा. टपाच्या पाईपच्या वरच्या आतल्या बाजूला लावा, क्रेट चढवताना घासणार नाही अशी. जिथे वायर पत्र्यातून जाते तिथे रबराचं बूच घातल्याशिवाय नाही, आणि सायलेन्सरपासून लांब. जोड नुसते पिळून टेप मारून सोडू नका, सोल्डरचा डाग देऊन वरून स्लीव्ह (वायरवर चढवायची नळी) चढवा, नुसता टेप उन्हाने सुटतो.

सगळं बसवून झालं की शेवटी एक तपासणी राहते आणि ती कुणी करत नाही. चावी काढा, दारं बंद करा, लाईट सगळ्या बंद. बॅटरीचा निगेटिव्ह काढून मल्टिमीटर दहा अँपच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि वायर यांच्या मधे जोडा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, हेडलाईट लावायची नाही, मीटरचा फ्युज जाईल. जुन्या साध्या पिकअपमध्ये गाण्याचा टेप असला तरी आकडा पन्नास मिलिअँपच्या आत यायला पाहिजे. जास्त येत असेल तर एकेक फ्युज काढत जा, ज्याच्यावर आकडा पडतो तिथे गळती आहे. छताच्या लाईटच्या फ्युजवर पडला तर दाराचा स्विच परत खोला, बहुतेक दार लावल्यावर दांडा पूर्ण दाबला जात नसतो, दाराचं रबर बसलेलं किंवा बिजागरी उतरलेली असते. स्विचच्या समोर दारावर रबराचा छोटा तुकडा चिकटवला की दांडा पूर्ण दाबला जातो आणि आकडा खाली येतो. मग मल्टिमीटर काढा, निगेटिव्ह घट्ट करा, आणि डॅशबोर्डच्या खणात दोन फ्युज आणि एक जास्तीचा बल्ब डबीत घालून ठेवा.